गोदाकाठचं बरोक

वणीच्या गडावर जाऊन आलेल्या माणसाला विचारा, देवीचं काय लक्षात राहिलं? अठरा हात, त्यांतली आयुधं, मोठे टपोरे डोळे, हे तर तो सांगेलच. पण जुनी जाणती माणसं आधी मानेबद्दल बोलतात. सप्तशृंगीची मान किंचित कललेली आहे. समोर मार्कंडेयाचा डोंगर. तिथे बसून ऋषी देवीमाहात्म्य सांगताहेत आणि देवी कान देऊन ते ऐकते आहे, अशी श्रद्धा. भक्तीचा भाग भक्तांपाशी राहू द्या आणि क्षणभर नुसत्या मूर्तीकडे बघा. कड्यात कोरलेली, खडकापासून सुटी न होणारी ही आकृती काहीतरी करते आहे! ऐकण्याच्या ऐन मध्यावर ती पकडली गेली आहे. आणि त्या एवढ्याशा कलण्याने समोरचा अख्खा डोंगर मूर्तीत सामील झाला आहे. डोंगर नसता तर मान कशासाठी कलली, ते कळलंच नसतं.

ही युक्ती डोक्यात ठेवा आणि आता रोमला चला.

साल १६२३. बेर्निनी नावाचा पंचविशीतला शिल्पकार संगमरवरातून डेव्हिड घडवतो आहे. डेव्हिड म्हणजे गोफणीच्या एका धोंड्याने गोलियाथ राक्षसाला लोळवणारा बायबलमधला मेंढपाळ पोरगा. याच विषयावर सव्वाशे वर्षांपूर्वी मायकेलँजेलोने जगप्रसिद्ध पुतळा केला होता. त्याचा डेव्हिड शांत उभा आहे, गोफण खांद्यावर, नजर दूर. बेर्निनीचा डेव्हिड मात्र कमरेतून पिळवटलेला, ओठ दातांखाली दाबलेले, गोफण ताणलेली. पुढच्या पळात धोंडा सुटणार! पण कुणावर? गोलियाथ शिल्पात कुठेच नाही. डेव्हिडच्या नजरेचा माग काढत गेलात की लक्षात येतं, गोलियाथ तुमच्या पाठीशी उभा असला पाहिजे. म्हणजे तुम्ही बघे राहिलाच नाहीत, दोघांच्या मध्ये सापडलात.

बरोक ते हेच. साधारण १६०० ते १७५० या दीडशे वर्षांत युरोपभर आणि युरोपीय गलबतं पोचली तिथे तिथे पसरलेली ही कला. तिची पुष्कळ लक्षणं पुस्तकांत सापडतात: दागदागिन्यांसारखी सजावट, उजेड आणि काळोखाची झुंज, सोन्याचा मुलामा. ती खरीच आहेत. पण मला विचाराल तर मूळ गोष्ट एकच. पाहणाऱ्याला दाराबाहेर उभं राहू द्यायचं नाही. त्याला आत ओढायचं.

असं ओढण्याची गरज कुणाला पडली? कॅथलिक चर्चला. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरच्या बंडाने अर्धा युरोप त्या चर्चपासून तुटला. बंडखोरांच्या अनेक पंथांनी प्रार्थनाघरांतली चित्रं उतरवली, मूर्ती फोडल्या, भिंती पांढऱ्या केल्या. उत्तर म्हणून १५४५ ते १५६३ या काळात ट्रेंट गावी कॅथलिकांची धर्मसभा मधूनमधून भरत राहिली आणि शेवटी तिने ठरवलं की चित्रं राहतील, मूर्ती राहतील. पण त्यांनी शिकवलं पाहिजे, हलवलं पाहिजे. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याच्या छातीत धडधड झाली पाहिजे. कलावंतांना याहून मोठी मोकळीक कोणती हवी?

मग काय काय झालं! रोमच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये बेर्निनीने कांस्याचे चार खांब उभे केले, मंडपासकट जवळपास नऊ मजली इमारतीएवढे उंच, आणि ओलं लुगडं पिळावं तसे ते पिळले. खांब म्हणजे भार पेलणारी, स्थिर उभी राहणारी वस्तू. तीच इथे गिरकी घेते आहे. त्याच शहरात सांत इग्नात्सिओ नावाचं चर्च आहे. त्याच्यावर घुमट बांधायचा होता, तो झाला नाही. तेव्हा आंद्रेआ पोत्सो या जेझुइट पंथातल्या चित्रकाराने १६८५ मध्ये सपाट कापडावर घुमट रंगवला आणि छताला लावून दिला. जमिनीवर एका फरशीने खूण केली आहे. त्या खुणेवर उभं राहून वर बघा: खांब, खिडक्या, कठडे, त्यावर चढत गेलेली गोल पोकळी. चार पावलं बाजूला सरका, तो घुमट तिरका होऊन कोसळायला लागतो. शुद्ध भूमिती! रेषा कुठे मिळतील याचं गणित एका विशिष्ट जागी उभ्या असलेल्या डोळ्यासाठी मांडलेलं. चित्र पुरं व्हायला तुम्ही त्या जागी जाऊन उभं राहणं भाग आहे.

हे सगळं परमुलखातलं, असं वाटतंय ना? तर मग गोव्याला या. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च १५९४ मध्ये बांधायला घेतलं आणि १६०५ मध्ये पुरं झालं. म्हणजे बरोक रोममध्ये अजून बाळसं धरत होतं तेव्हा इथे जांभ्या दगडाचं तोंड उभं राहत होतं. (आज दिसणारा उघडा तांबडा जांभा मूळचा नव्हे. त्यावर चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढला.) आत गेलं की समोर सोन्याने मढवलेली वेदी. नजर आपोआप खालून सुरू होते: लहानगा येशू, त्याच्या वर संत इग्नेशियसची भली थोरली मूर्ती. तो तुमच्याकडे बघतच नाही, मान वर करून किरणं फेकणाऱ्या एका तबकडीकडे बघतो आहे. मग तुम्हीही वर बघता. न बघून सांगता कुणाला!

उजव्या हाताला संत फ्रान्सिस झेवियरची समाधी आहे. तिचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने दहा वर्षं खपून केला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याने तो धाडला, आणि ज्या उशीवर संताचं डोकं टेकलं होतं ती उशी त्याला मिळाली होती, त्याची ही परतफेड, अशी हकीकत आहे. दगडाचे तुकडे गलबताने आले आणि १६९८ मध्ये इथे जोडले गेले. पण माझी नजर त्या चौथऱ्यापेक्षा त्यावर ठेवलेल्या चांदीच्या पेटीवर खिळते. ती फ्लॉरेन्सहून आलेली नाही. १६३६-३७ मध्ये ती गोव्यातच, इथल्या सोनारांच्या हातांनी घडली. झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग तिच्यावर पत्र्यातून उठवले आहेत. खाली इटलीचा दगड, वर कोकणची चांदी, मध्ये साठ वर्षांचं अंतर, आणि दोन्हींची भाषा एकच.

आता याहून विलक्षण गोष्ट. बॉम जेझूसपासून फार दूर नाही, फोंड्याजवळच्या कवळ्यात शांतादुर्गेचं देऊळ आहे. देवी मूळची केळोशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडलं, भक्तांनी मूर्ती रातोरात नदीपलीकडे, त्यांच्या हद्दीबाहेर नेली. पुढे सातारच्या शाहू महाराजांच्या दरबारातले नारोराम मंत्री यांच्या पुढाकाराने १७३८ च्या सुमाराला आजचं देऊळ झालं. जाऊन बघा काय झालं ते. गाभाऱ्यावर शिखर नाही, अष्टकोनी बैठकीवर घुमट आहे. कमानदार खिडक्या. आत टांगलेली झुंबरं. अंगणात मजल्यावर मजला चढवलेला दीपस्तंभ. ज्यांनी देऊळ मोडलं त्यांच्या चर्चचे खांब, कमानी, घुमट देवीच्या घरात येऊन बसले!

हे कसं झालं असेल? देवळाच्या बांधकामावर राबणारे गवंडी आणि सुतार याच मुलखातले होते. चर्चच्या कमानी वळवून वळवून त्यांचा हात बसलेला होता. हाताला धर्म ठाऊक नसतो असं मी म्हणणार नाही. त्या काळात लोकांनी धर्मापायी घरं सोडली, जीव गमावले. पण अंगी मुरलेली कारागिरी मालक बदलला म्हणून विसरली जात नाही. जे सुंदर वाटलं ते त्यांनी आपल्या देवीला दिलं.

डोळ्यांचं पुष्कळ झालं, आता कानांकडे वळू. बरोकचं खरं साम्राज्य तिथे आहे.

सोळाव्या शतकातलं चर्चचं गाणं फार सुरेल होतं, पण चार-सहा आवाज एकमेकांत असे गुंतलेले असत की शब्द ऐकू येत नसत. १६०० च्या आसपास इटलीतल्या काही मंडळींनी उलट्या बाजूने विचार केला. दुःख एका माणसाला होतं, मग ते एकाच गळ्यातून का येऊ नये? बाकीच्यांनी त्याला धरून राहावं. मोंतेवेर्दी या संगीतकाराने १६०७ मध्ये मांतुआत ‘ऑर्फेओ’ हे संगीतनाटक केलं ते याच वाटेवरून चालत. नाटक आणि गाणं पहिल्याने असं एकजीव झालं की आज चारशे वर्षांनंतरही ते रंगभूमीवर होतं.

पण गाणाऱ्याला धरून ठेवायचं कसं? इथे त्या काळाने एक झकास सोय काढली. संगीतकाराने खालच्या पट्टीतली एकच ओळ लिहायची, आणि तिच्या स्वरांजवळ आकडे टाकायचे: ६, ४, ७ असे. कितव्या अंतरावरचे स्वर वर उभे करायचे ते आकडा सांगे. ते कसे, किती, कोणत्या नक्षीने वाजवायचे, हे हार्प्सिकॉर्ड हे पट्ट्यांचं तंतुवाद्य वाजवणाऱ्याने बसल्या बैठकीला ठरवायचं. दोन ओळींच्या बंदिशीतून तासाभराचा राग उभा करणाऱ्या आपल्या गवयांना हे सांगितलं तर ते आनंदाने मान डोलावतील. पाश्चात्त्य संगीत म्हणजे कागदावर लिहिलं तेवढंच वाजवायचं, हा आपला समज त्या दीडशे वर्षांपुरता तरी साफ खोटा आहे.

आणि मग बाख हा जर्मन संगीतकार आला. तो जुन्या गुंतागुंतीकडे परत गेला आणि तिच्यात नवी आग भरली. त्याची फ्यूग ऐकताना काय होतं बघा. एक आवाज एकटाच एक लहानशी चाल म्हणतो. ती संपते न संपते तोच दुसरा तीच चाल वेगळ्या पट्टीत धरतो. पहिला मात्र थांबत नाही, तो आता वेगळंच काहीतरी म्हणतो आहे. मग तिसरा. मग चौथा. चार चाली एकाच वेळी चालू, प्रत्येक आपल्या पायांवर उभी, आणि कोणत्याही क्षणी त्यांना उभं कापलं तर स्वर एकमेकांशी जुळलेलेच! आपल्या रागसंगीतात एका वेळी एक स्वरवाक्य खोल खोल जातं. इथे कानाला चार ठिकाणी हजर राहावं लागतं. पहिल्यांदा गोंधळायला होतं. एकच आवाज धरून शेवटपर्यंत ऐकावा, मग तेच पुन्हा लावून दुसरा धरावा.

ही एकाखाली एक चाल चालवण्याची विद्या आपल्या कानांवर कधीच पडलेली आहे. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना पिढ्यान्‌पिढ्या स्वरलिपी, व्हायोलिन आणि समूहगायन शिकवलं जाई. तिथून निघालेले वादक विसाव्या शतकात मुंबईच्या सिनेमाच्या स्टुडिओंत पोचले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन करणारे सेबास्टियन डिसूझा हे दुसरे. जुनं हिंदी गाणं पुन्हा लावा आणि लताबाईंकडे क्षणभर दुर्लक्ष करा, कठीण आहे पण करा. मागे व्हायोलिनं तिची चाल वाजवत नाहीत. ती स्वतःची वेगळीच चाल गात असतात, आणि दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी उभं राहतं. वणीच्या बाजारात रेडिओवर ते गाणं ऐकणाऱ्याच्या कानात बरोकच येऊन गेलं होतं.

आता या सगळ्याहून वणीला जवळची गोष्ट. दिंडोरीवरून नाशिकला या, पंचवटीत गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ आहे. पेशव्यांचे सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ मध्ये बांधलेलं हे रामेश्वराचं देऊळ. त्याच्या तटावर, नदीच्या अंगाला, दगडी छत्रीत एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. तिचा घाट देवळातल्या घंटेचा नाही. खांद्याला रुंद, कमरेत आत गेलेली, काठाला बाहेर फाकलेली. वसईच्या विजयाची आठवण म्हणून ती इथे बसवली असं सांगतात. आणि तिच्यावर साल आहे: १७२१.

१७२१! त्या वर्षीच्या २४ मार्चला जर्मनीतल्या क्योथेन गावी बाखने सहा रचनांची स्वच्छ प्रत पुरी करून ब्रांडेनबुर्गच्या एका राजपुत्राला अर्पण केली. तेच आज जगभर वाजणारे ‘ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो’. इकडे बाजीरावाला पेशवाईची वस्त्रं मिळून वर्ष होत होतं. बाख आणि शाहू महाराज तर जवळजवळ एकाच वयाचे: एक १६८५ चा, दुसरे १६८२ चे, शाहू १७४९ च्या डिसेंबरात गेले, बाख १७५० च्या जुलैत.

घंटा इथवर आली कशी? वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. दोनशे वर्षांत किल्ल्याच्या आत चर्चेस आणि मठ उभे राहिले, त्यांचे पडके दर्शनी भाग आणि कमानी आजही तिथे बघायला मिळतात. चिमाजी अप्पांनी सुरुंग लावून, माणसं गमावून, १७३९ च्या मे महिन्यात ती घेतली. चर्चच्या घंटा विजेत्यांच्या हाती पडल्या. आता इथे थांबून एक विचार करा. घंटेचं धातुमिश्रण म्हणजे अदमासे चार भाग तांबं आणि एक भाग कथील. तोफेचं कांस्य याचंच भावंड, फक्त कथील कमी. त्यामुळे युरोपात लढाई आली की घंटा वितळत. रशियाचा बादशहा पीटर याने १७०० मध्ये नार्व्हाच्या लढाईत मार खाल्ल्यावर चर्चच्या घंटा उतरवून तोफा ओतल्या. मराठ्यांना तोफा नको होत्या का? हव्या होत्या, फार हव्या होत्या. तरी वसईकडच्या घंटा देवळादेवळांत गेल्या: भीमाशंकरला, पालीच्या बल्लाळेश्वराला, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. शत्रूच्या देवाघरातली वस्तू आपल्या देवापुढे वाजवावीशी वाटली, तिच्यावरचं चित्रसुद्धा घासून काढावंसं वाटलं नाही, यात मला त्या माणसांच्या कानांची थोरवी दिसते.

कारण तो आवाज! अशा घंटेचा टोला म्हणजे एक स्वर नव्हेच. लोळी आपटली की काठाचा वाटोळा घेर लांबट होतो, मग आडवा लांबट, परत उभा, सेकंदाला शेकडो वेळा. एवढं कठीण कांस्य असं लवतं! आणि तेवढ्यातच घंटेचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गतींनी थरथरत असतात. नीट जुळवलेल्या युरोपीय घंटेतले मुख्य पाच स्वर आपल्या भाषेत सांगायचे तर मंद्र षड्ज, मध्य षड्ज, कोमल गंधार, पंचम आणि तार षड्ज. कोमल गंधार! या घंटांच्या नादात जी हुरहूर असते, ती त्याची देणगी.

याहून नवल पुढेच आहे. टोला पडताक्षणी कान ज्या स्वरावर बोट ठेवतो, तो स्वर पुष्कळदा धातूत नसतोच. यंत्र लावून मोजलं तर त्या जागी काही सापडत नाही. वरच्या स्वरांची आपसातली प्रमाणं २, ३, ४ अशी जुळतात आणि मेंदू त्यांवरून खालचा स्वर स्वतःच उभा करतो. पोत्सोचा घुमट छतावर नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. घंटेचा स्वर ऐकणाऱ्याच्या डोक्यात.

हे पाच स्वर जुळवण्याची किल्ली कुणाला सापडली असेल? हॉलंडमधल्या उत्रेख्तच्या याकोब व्हान आइकला. जन्मांध. घंटावादक, आणि संध्याकाळी चर्चच्या आवारात बासरी वाजवून येणाऱ्याजाणाऱ्यांना रिझवणारा. घंटेला हात न लावता तो तिच्याजवळ शीळ घाली, आणि ज्या स्वराची शीळ असे नेमका तोच स्वर घंटेतून उमटे. सारंगीच्या तरफा बोलतात त्याच नियमाने. अशी एकेक करून त्याने घंटेची आतली पट्टी वाचली. मग हेमोनी बंधू या ओतकाम करणाऱ्यांशी त्याची गाठ पडली. आतून नेमक्या जागी धातू तासला की नेमका तोच स्वर उतरतो, हे त्यांना साधलं, आणि १६४४ मध्ये झ्युटफेन गावासाठी सुरात जुळवलेला पहिला घंटासंच तयार झाला. दिसत नसलेल्या माणसाने कांस्याच्या पोटातलं ऐकलं!

बाखच्या त्या सहा रचनांचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. हस्तलिखित राजपुत्राकडे गेलं आणि कपाटात पडून राहिलं. ते छापलं गेलं १८५० मध्ये, बाख जाऊन शंभर वर्षं झाल्यावर. म्हणजे बर्लिनमध्ये ते कागद मुके होते त्या काळात, त्यांच्याच वयाची घंटा गोदाकाठी येऊन टांगलेली होती.

नाशिकला जाल तेव्हा तटाखाली उभं राहून तिचा घाट बघून घ्या. आणि कधी वाईकडे जाणं झालं तर मेणवली चुकवू नका. तिथे घंटा हाताच्या अंतरावर आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, आणि साल आहे १७०७. त्या वर्षी अहमदनगरजवळ औरंगजेब वारला, शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून साताऱ्याच्या वाटेला लागले, आणि तिकडे रोममध्ये बावीस वर्षांच्या हँडेल या संगीतकाराने ‘दिक्सित दोमिनुस’ लिहिलं: पाच आवाजांत विभागलेला गायकवृंद, खाली तंतुवाद्यांची धाव, आणि पहिल्या स्वरापासून दम घ्यायला उसंत नाही. ते एकदा मोठ्या आवाजात लावाच.